मधल्या फळीतल्या मुलीविषयी फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या काही दिवसांपासून बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा आणि वाडी भागांतल्या आपल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा की, मुलीला फुटबॉल खेळू देणे म्हणजे तिची उमेदीची वर्षे वाया घालवणे. त्यातही ती मधल्या फळीत, म्हणजे बचाव आणि आक्रमण यांच्या मधल्या जागी, खेळत असेल तर धावाधाव तिची आणि नाव गोल करणारीचे. पंचविशीपर्यंत गुडघा जातो, लग्न आणि मूल झाले की खेळ संपतो, पैसा मिळतच नाही, आणि गुजरातेत हा खेळ मुली खेळतात तरी कुठे. माझी 14 वर्षांची पुतणी मधल्या फळीत खेळते. हा संदेश वाचून माझ्या आईने तिला परवा पहाटे, बूट हातात घेऊन पोलो ग्राउंडवर निघालेली असताना, दारातच थांबवले. म्हणून हे उत्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

नुसत्या धावाधावीपासून सुरुवात करते. वरच्या पातळीवरच्या सामन्यात मधल्या फळीतली खेळाडू सुमारे 10 किलोमीटर धावते हे खरे आहे, पण तिचे मोल त्या धावण्यात नाही. चेंडू आपल्याकडे येण्याआधी माझी पुतणी एकदा डाव्या आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागे पाहून घेते. चेंडू पायाशी येतो तेव्हा तो कोणाला द्यायचा हे तिचे ठरलेले असते; पायाच्या आतल्या बाजूने एका स्पर्शात ती तो वळवते, आणि पुढची मुलगी मोकळ्या जागेत पोहोचलेली असते. काठावर उभे राहून पाहणाऱ्याला यात विशेष काही घडले असे वाटत नाही. फुटबॉल जाणणाऱ्यांना मात्र ते दिसते. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा महिलांचा बॅलन डी'ऑर पुरस्कार 2021 ते 2025 या पाचही वर्षी मधल्या फळीतल्या खेळाडूंनाच मिळाला: दोनदा अलेक्सिया पुतेयासला आणि तीनदा आयताना बोनमातीला. जपानने 2011 चा विश्वचषक जिंकला तेव्हा स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वाधिक गोल करणारी, हे दोन्ही मान मधल्या फळीतल्या होमारे सावाने मिळवले. आपल्याकडचेच उदाहरण घ्यायचे तर 5 जुलै 2025 रोजी चिआंग माई येथे भारताने थायलंडला 2-1 असे हरवले आणि पात्रता फेरी खेळून आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेत पहिल्यांदाच स्थान मिळवले. त्या सामन्यातले भारताचे दोन्ही गोल संगीता बासफोरचे होते, आणि तीही मधल्या फळीतलीच.

वयाच्या मुद्द्याला ब्राझीलच्या फोर्मिगाची कारकीर्द हेच पुरेसे उत्तर आहे. ब्राझीलमध्ये 1941 पासून 1979 पर्यंत मुलींच्या फुटबॉलवर बंदी होती. फोर्मिगा 1978 मध्ये जन्मली, म्हणजे ज्या देशात तिला हा खेळ खेळण्याचा अधिकारच नव्हता त्या देशात जन्मली. 1995 ते 2019 या काळात ती सात विश्वचषक खेळली आणि 2021 मध्ये टोकियोत सातव्यांदा ऑलिंपिकच्या मैदानात उतरली, तेव्हा तिचे वय 43 होते. ती अर्थातच अपवाद आहे, हे मला मान्य आहे. पण मधल्या फळीत निव्वळ वेगापेक्षा खेळाची जाण अधिक उपयोगी पडते, आणि ती जाण वयाबरोबर वाढतच जाते.

गुडघ्याविषयीची भीती निराधार नाही, आणि ती उडवून लावणे मला योग्य वाटत नाही. गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा खरोखरच जास्त आहे. मात्र तो तुटला की कारकीर्द संपली असे नाही. पुतेयासचा अस्थिबंध जुलै 2022 मध्ये तुटला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ती खेळू लागली आणि ऑगस्टमध्ये विश्वविजेत्या स्पेनच्या संघात होती. शिवाय खेळाआधी 20 मिनिटे तोल, उडी आणि मांड्यांच्या ताकदीचे ठरावीक व्यायाम नियमितपणे केले तर दुखापती पुष्कळ टळतात. नॉर्वेमध्ये किशोरवयीन मुलींवर झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. एका शिबिरात मुलींना मैदान मुलांनंतर, शेवटचा अर्धा तास मिळत असे, आणि वेळ नाही म्हणून हेच व्यायाम गाळले जात. मी ते स्वतः पाहिले आहे आणि त्याचा मला अजूनही राग येतो. घरच्यांनी खेळ थांबवण्याऐवजी या 20 मिनिटांचा आग्रह धरावा.

लग्न आणि बाळंतपणाविषयी थोडक्यात. 2021 पासून फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमानुसार व्यावसायिक खेळाडूला किमान 14 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा द्यावी लागते. आइसलंडची सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर, जी मधल्या फळीतच खेळते, हिला गरोदरपणात क्लबने पूर्ण पगार दिला नाही. तिने दाद मागितली, 82 हजार युरोंहून अधिक रक्कम मिळवली, आणि बाळंतपणानंतर ती इटलीच्या युव्हेंटस क्लबकडून खेळली.

पैशाच्या बाबतीत संदेशातली चिंता बऱ्याच अंशी खरी आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2023 मध्ये महिला लीगमधल्या संघांना किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान 3 लाख 20 हजार रुपयांचा करार करण्याचे बंधन घातले. महिन्याला सत्तावीस हजारही नाहीत, आणि यावर घर चालत नाही. पण 'मिळतच नाही' हे विधान चुकीचे आहे, आणि खेळाच्या बळावर सरकारी नोकरीची वाटही आहे. भारताच्या मधल्या फळीत खेळलेली इंदुमती कदिरेसन तमिळनाडू पोलिसांत उपनिरीक्षक आहे. शिक्षण सोडू नये, हे मी पुतणीलाही सांगतेच.

राहता राहिली गुजरातची गोष्ट. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये ज्या राज्यात मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्या बडोद्यातून हे विचारले जावे याचे मला वाईट वाटते. बडोदा फुटबॉल अकादमीचा संघ 2019-20 च्या राष्ट्रीय महिला लीगमध्ये खेळला आहे, आणि 2023 ची संपूर्ण लीग अहमदाबादला झाली. त्यातला एक सामना पाहायला मी पुतणीला घेऊन सकाळच्या गाडीने गेले होते. मध्यंतरात तिने विचारले, "आत्या, ती मधली ताई चेंडू यायच्या आधीच मागे का बघते?" मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पोलो ग्राउंडवर तेच करून पाहत होती.