रॉबर्ट ली गुलामगिरीच्या विरोधात होता? नाही हो

अमेरिकेच्या यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याच्याबद्दल एक दावा सारखा शेअर होतो. तो गुलामगिरीच्या विरोधात होता, त्याने आपले गुलाम स्वतःहून सोडले, आणि उत्तरेचा सेनापती युलिसिस ग्रँट यानेच शेवटपर्यंत ठेवले. वाचून वाईट वाटतं, कारण शिकलेली माणसंही हे पुढे ढकलतात.

या दाव्यासाठी लीच्या एका पत्राचा दाखला देतात, ते पत्र खरंय, १८५६ च्या डिसेंबरात त्याने बायकोला लिहिलेलं, आणि त्यात गुलामगिरी वाईट असं म्हटलंयच. पण पुढे वाचा ना. त्यात गोऱ्यांचंच नुकसान जास्त, काळे आफ्रिकेपेक्षा इथे बरे, त्यांना सोसावी लागणारी शिस्त त्यांच्याच भल्याची, आणि हे कधी संपायचं ते देव बघेल. हा विरोध नाही.

आता गुलाम सोडल्याचं. १८५७ मध्ये सासरा कस्टिस वारला, मृत्युपत्रात लिहिलेलं की पाच वर्षांच्या आत सगळ्यांना मुक्त करा, आणि अंमलबजावणी लीकडे. लीने काय केलं तर मुदत वाढवून मागायला कोर्टात गेला! तिथे हरला, मग २९ डिसेंबर १८६२ ला कागद केले, म्हणजे लिंकनच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याच्या फक्त तीन दिवस आधी.

मधल्या काळात आर्लिंग्टनहून, म्हणजे कस्टिसच्या मळ्यावरून, वेस्ली नॉरिस हा गुलाम, त्याची बहीण मेरी आणि एक चुलतभाऊ पळाले, मेरीलँडमध्ये पकडले गेले. वेस्लीने १८६६ मध्ये सांगितलं की पुरुषांना पन्नास-पन्नास आणि मेरीला वीस फटके, मुकादमाने नकार दिला म्हणून कॉन्स्टेबलकडून मारवले, ली समोर उभा राहून जोरात मार म्हणत होता, आणि नंतर उघड्या पाठीवर मिठाचं पाणी. लीने हे खोटं म्हटलं, पण त्याच्याच हिशेबाच्या वहीत त्या कॉन्स्टेबलला पैसे दिल्याची नोंद आहे. मी तरी नॉरिसवर विश्वास ठेवतो.

ग्रँटकडे विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम होता हे खरं, सासरच्यांकडे बरेच होते हेही खरं. पण मार्च १८५९ मध्ये, स्वतः सरपण विकून पोट भरायची वेळ आलेली असताना, त्याने जोन्सला विकलं नाही, कोर्टात जाऊन मुक्त केलं. विकला असता तर चांगले पैसे आले असते हो.

आणि ऑक्टोबर १८६४ मध्ये लीने कैद्यांची अदलाबदल सुचवली तेव्हा ग्रँटने एवढंच विचारलं, आमचे काळे सैनिकही गोऱ्यांसारखेच परत देणार का? लीचं उत्तर आलं, आमच्या नागरिकांच्या मालकीचे निग्रो यात धरता येणार नाहीत. ग्रँटने अदलाबदल केली नाही.