नेटवर्क मार्केटिंगच्या 'त्या' मेसेजला उत्तर

दर दोन-तीन महिन्यांनी तो मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. कधी शाळेच्या बॅचच्या, कधी सोसायटीच्या, कधी भिशीच्या. मजकूर थोडक्यात असा: नोकरी म्हणजे आयुष्यभराची गुलामी आणि नेटवर्क मार्केटिंग (कंपनीचा माल घ्यायचा, विकायचा आणि खाली नवे सभासद जोडून त्यांच्यावर कमिशन मिळवायचं) हा एकविसाव्या शतकाचा धंदा. सरकारनं २०२१ साली त्याला मान्यता दिली आहे. लोक पिरॅमिड म्हणून हिणवतात, पण पिरॅमिड तर प्रत्येकच कंपनी असते. भांडवल लागत नाही, उलट वस्तू घरात येते. गृहिणी, बेरोजगार आणि निवृत्त माणसांसाठी तर हे वरदानच. ज्यांना जमत नाही ते मेहनत करत नाहीत. आणि शेवटी एक प्रश्न: एवढं वाईट आहे तर तक्रारी कुठे आहेत?

मी लोकांची आयकर रिटर्न भरून देतो. या धंद्यातली बरीच माणसं जून-जुलैत कागद घेऊन माझ्यासमोर बसतात. स्टेजवरचा भला मोठा चेक मला दिसत नाही, पासबुक दिसतं. तेव्हा उत्तर द्यायला हरकत नाही.

सरकारी मान्यतेचं आधी बघू, कारण त्या एका शब्दावर भले भले गप्प बसतात. २८ डिसेंबर २०२१ रोजी केंद्रानं 'ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम' काढले, हे खरं. पण ते कशासाठी काढले ते मेसेज लिहिणाऱ्यानं वाचलेलं नाही, किंवा वाचूनच गाळलं आहे. त्या नियमांनी पिरॅमिड योजना (जिथे कमाई नवी माणसं जोडण्यावर चालते) आणि पैसा फिरवण्याच्या योजना यांवर बंदी घातली. सभासद होण्यासाठी फी घ्यायची नाही. ओळखपत्र आणि आधी ठरवलेली वेळ असल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरी जायचं नाही. आणि एक तर फारच मजेशीर: पुढची गिऱ्हाइकं आणून दिलीत तर तुमचे पैसे वसूल होतील, असं सांगून माल विकायचा नाही. आता तुम्हाला शेवटचा 'प्लॅन' कुणी दाखवला होता ते आठवा. वहीत दोन गोल काढून 'हे दोन लागले की तुमचे सुटले' असंच म्हणाला होता ना? ज्या नियमांच्या नावानं तो छाती फुगवतो, त्यांतच हे वाक्य बसत नाही.

पुढच्या स्लाइडवर कंपनी नोंदणी, जीएसटी, पॅन, आयएसओ अशी सर्टिफिकेटं असतात. गाडीची आरसी बुकात नोंद आहे म्हणून ड्रायव्हर प्यायलेला नाही असं सिद्ध होत नाही, तेवढाच त्यांचा अर्थ.

जुना कायदा तर १९७८ पासून आहे, प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स बॅनिंग ॲक्ट. अशी योजना चालवणं तर गुन्हा आहेच, तिच्यात सभासद होणं आणि भाग घेणंही त्यात मना आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. याच कायद्याखाली २००७ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं ॲमवेची योजना प्रथमदर्शनी पैसा फिरवण्याची योजना ठरते असं म्हटलं होतं. म्हणजे मोठं नाव, परदेशी कंपनी, चकचकीत पॅकिंग यांनी प्रश्न सुटत नाही.

'प्रत्येक कंपनी पिरॅमिडच' हा दावा ऐकायला हुशार वाटतो. पण कारखान्यातल्या शिपायाला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. नोकरी टिकावी म्हणून त्याला दर महिन्याला कारखान्याचाच माल विकत घ्यावा लागत नाही, आणि खाली आणखी पाच शिपाई भरती केले नाहीत म्हणून त्याचा पगार थांबत नाही. कुणाच्या वर कोण बसलंय यापेक्षा पैसा बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून येतो की आत आलेल्या सभासदाच्याच खिशातून, हे विचारा.

आता गणित. एकानं पाच जोडायचे, त्या पाचांनी पाच-पाच. तेराव्या पायरीवर १२२ कोटी माणसं लागतात, आणि २०११ च्या जनगणनेत अख्खा भारत १२१ कोटींचा होता. हे गणित सगळ्यांनाच माहीत आहे आणि त्यावरचं उत्तरही प्रत्येक अपलाइनला, म्हणजे आपल्याला जोडणाऱ्या वरच्या माणसाला, पाठ असतं: 'तेराव्या पायरीपर्यंत कोण जातंय? रोज नवी मुलं अठरा वर्षांची होतात, बाजार कधी संपत नाही.' चला, मानलं. बाजार संपायची वाट बघूच नका. तिसऱ्याच पायरीवर थांबा. एक, पाच, पंचवीस, एकशे पंचवीस. एकूण १५६ माणसं. त्यांतल्या १२५ जणांच्या खाली कुणीही नाही. म्हणजे शंभरातले ऐंशी. त्यांच्या वरच्या पंचविसांकडे पाच-पाच जण आहेत, तेही धरले तर शंभरातले शहाण्णव शेवटच्या दोन पायऱ्यांवर. योजना लहान असो की मोठी, कालची असो की वीस वर्षांची, हे प्रमाण हलत नाही. दोन-दोनची 'बायनरी' असेल तरी निम्मे कायम तळालाच. उद्या सगळ्यांनी दुप्पट मेहनत केली तर मनोरा एक पायरी वाढेल आणि तळ आणखी रुंद होईल. तळातल्यांचं नुकसान हा अपघात म्हणता येणार नाही, वरच्याचं कमिशन तिथूनच निघतं.

मेहनतीच्या टोमण्याला खरं तर हेच उत्तर पुरेसं आहे, पण आकडेही आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं सप्टेंबर २०२४ मध्ये ७० एमएलएम (मल्टी-लेव्हल मार्केटिंग, म्हणजे नेटवर्क मार्केटिंगच) कंपन्यांची उत्पन्नाची निवेदनं तपासली. ही कंपन्यांनी स्वतः दिलेली निवेदनं. त्यांत बहुतेक सभासदांना वर्षाला हजार डॉलर किंवा त्याहून कमी मिळाल्याचं निघालं, म्हणजे महिन्याला ८४ डॉलरपेक्षा कमी, तेही खर्च वजा न करता. किमान १७ कंपन्यांत बहुतेकांना एक डॉलरही मिळाला नव्हता. एवढी सगळी माणसं आळशी?

'भांडवल लागत नाही' याबद्दल मात्र मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. एक काकू कापलेला टीडीएस परत मिळेल का विचारायला आल्या होत्या. कमिशनवर कंपनी टीडीएस कापते आणि तो आयकराच्या पोर्टलवर २६ एएस या फॉर्ममध्ये दिसतो. त्यात वर्षाचं कमिशन एकोणीस हजारांच्या आसपास होतं. काकूंना त्याचं अप्रूप होतं, ग्रुपमध्ये त्यांच्या नावापुढे 'सिल्व्हर' लागलं होतं. मी सहज विचारलं, माल किती घेतला? त्यांनी पिशवीतून बिलांचा गठ्ठा काढला. प्रोटीन पावडर, टूथपेस्ट, भांडी घासायचं लिक्विड, पुन्हा प्रोटीन पावडर. बेरीज साठ हजारांच्या वर गेली. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत एक मोठं बिल. कारण विचारलं तर म्हणाल्या, 'पीव्ही पूर्ण करावे लागतात ना, नाहीतर आयडी इनॲक्टिव्ह होतो.' पीव्ही म्हणजे मालाच्या खरेदीवर मिळणारे पॉइंट. पावडरचे डबे दिवाणात पडून होते, काहींची मुदत संपलेली. यात सेमिनारची तिकिटं, येण्या-जाण्याचा खर्च आणि 'लीडरनं असं दिसायला हवं' म्हणून घेतलेल्या साड्या धरलेल्याच नाहीत. हे भांडवल नाही तर काय? फक्त ते एकदम मागत नाहीत, हप्त्याहप्त्यानं काढून घेतात.

आणि 'वस्तू तर घरात येते' म्हणाल, तर त्या वस्तूची किंमत वाण्याकडच्या वस्तूशेजारी ठेवून बघा. ईडीनं एप्रिल २०२२ मध्ये ॲमवे इंडियाच्या ७५७ कोटी रुपयांच्या मालमत्तेवर टाच आणली, तेव्हा हाच मुद्दा मांडला होता: बाजारातल्या नावाजलेल्या मालाच्या तुलनेत किमती अवाच्या सवा आहेत. २००२-०३ पासून वीस वर्षांत २७,५६२ कोटी जमा झाले आणि त्यांतले ७,५८८ कोटी कमिशनपोटी गेले, असंही ईडीचं म्हणणं होतं. हा तपास यंत्रणेचा आरोप आहे, न्यायालयाचा निकाल नव्हे. पण वरच्या इतक्या पायऱ्यांचं कमिशन एका डब्याच्या किमतीत बसवायचं तर तो डबा महाग होणारच, हे समजायला ईडी लागत नाही.

आता त्या 'वरदाना'कडे येऊ. मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

नव्या सभासदाला पहिलं काम दिलं जातं ते यादी करायचं. शंभर नावं लिही. मग अपलाइन शेजारी बसून एकेक नाव विचारतो: याची नोकरी आहे का? हिचा नवरा बाहेरगावी असतो का? यांना रिटायरमेंटचे पैसे कधी मिळाले? हिच्या मुलीचं लग्न ठरलंय ना? ज्याला गरज आहे, पैशाची किंवा नुसत्या माणसांची, त्याच्या नावापुढे खूण होते. ज्याची नोकरी पक्की, हिशेब चोख आणि जीभ तिखट, तो 'निगेटिव्ह' म्हणून बाद. मग ही योजना दुबळ्यांपर्यंत चुकून पोचते असं कसं म्हणायचं? यादी गाळूनच त्यांना निवडलेलं असतं.

म्हणून ती बचत गटात शिरते, कारण तिथे विश्वास आयता असतो. हळदीकुंकवाला वाणासोबत सॅम्पल दिलं जातं. एमपीएससीचे चार अटेम्प्ट गेलेला, घरी जायला तोंड नाही असा मुलगा पुण्याच्या अभ्यासिकेबाहेरच्या टपरीवर हेरला जातो. त्याला कुणीतरी 'सर' म्हणतं, टाय बांधून स्टेजवर उभं करतं, त्याच्यासाठी टाळ्या वाजतात. कित्येक महिन्यांत त्याच्यासाठी कुणी टाळी वाजवलेली नसते. याहून वाईट प्रकार म्हणजे 'कंपनीत पॅकिंगचा जॉब आहे, ये' असं सांगून लांबच्या गावाहून पोरं बोलवायची, एका खोलीत दहा-दहा जण ठेवायचे, घरून पैसे मागवून भरायला लावायचे आणि मग त्यांच्याकडूनच मित्रांना तोच फोन करवायचा.

आजारी माणसाचं घर तर हमखास गिऱ्हाईक. 'ही पावडर घ्या, शुगरच्या गोळ्या सुटतील.' मधुमेह किंवा कॅन्सर बरा करण्याचा दावा करून जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं बंदी आहे. म्हणूनच हे वाक्य डब्यावर कधी छापत नाहीत, सोफ्यावर बसून कानात सांगतात.

राहिला तक्रारींचा प्रश्न. काकूंना मी म्हटलं, ग्राहक हेल्पलाइनला फोन तरी करा. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, 'माझ्या खाली माझी जाऊ आहे. तिच्या खाली तिची बहीण.' तक्रार करायची तर आधी जावेला सांगावं लागेल की मीच तुला यात ओढलं. वर अपलाइनचा दम असतोच, की सभासद होणंही गुन्हा आहे, तूच अडकशील. कायद्याचं नाव त्याला इथे बरोबर आठवतं. इथे ज्याचं नुकसान होतं त्यानं तोवर स्वतःच्या हातानं चार जणांचं नुकसान केलेलं असतं, ते पुन्हा घरातल्याच चार जणांचं.

कधीकधी तर लोक उलट कंपनीच्या बाजूनं उभे राहतात. स्पीक एशिया आठवते? अकरा हजार भरा, घरबसल्या ऑनलाइन सर्व्हे करा आणि पैसे मिळवा, वर माणसं जोडल्याचं कमिशन वेगळं. २०११ मध्ये पैसे येणं थांबलं आणि मुंबईच्या आर्थिक गुन्हे शाखेनं तपास सुरू केला, तेव्हा सभासदांचीच संघटना कंपनीच्या बाजूनं कोर्टात गेली. पैसे अडकलेला माणूस योजना बुडाली असं मान्य करायला सगळ्यांत शेवटी तयार होतो. तक्रारी कमी का, याचं उत्तर यात आलं.

ग्रुपवर हा मेसेज पुन्हा आला तर वाद घालत बसू नका. टाकणाऱ्याकडे एवढंच मागा: गेल्या वर्षीचं २६ एएस आणि त्याच वर्षी कंपनीकडून घेतलेल्या मालाची बिलं. दोन्ही हवं. नुसता कमिशनचा स्क्रीनशॉट चालणार नाही, तो सगळ्यांकडे असतो.

ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी आधी करार काढून बघावा. २०२१ च्या नियमांत 'कूलिंग ऑफ' मुदतीची तरतूद आहे, त्या मुदतीत माल परत करून पैसे मागता येतात. मुदत टळली असेल तर बिलं, बँकेचं स्टेटमेंट आणि व्हॉट्सॲपवरची आश्वासनं जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. रक्कम मोठी असेल तर जिल्ह्याची आर्थिक गुन्हे शाखा. आणि जाताना एकटे जाऊ नका, ज्यांना तुम्ही जोडलंत त्यांनाही सोबत न्या. ते आधी भांडतील, भांडू द्या. बिलं त्यांच्याकडेही आहेत.