डबा उलटा करून बघा

‘व्यायामाच्या जोडीला रोज फिश ऑइलची एक गोळी घेतली की साठीनंतरही स्नायू वाढतात’, हे तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. गोळ्यांच्या डब्यावर पुढे ठळक १००० मिग्रॅ (हे सगळं तेल), मागे बारीक अक्षरांत ईपीए १८०, डीएचए १२० (ही त्यातली ओमेगा-३ मेदाम्लं). म्हणजे कामाचं ओमेगा-३ जेमतेम ३०० मिग्रॅ. ज्येष्ठांवरच्या ज्या प्रयोगांत फरक दिसला, त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांत ते दिवसाला ३ ग्रॅमच्या आसपास होतं. अशा दहा गोळ्या झाल्या की हो! (घेऊ नका.)

मी अडुसष्ट वर्षांचा. वर्षभर एक गोळी घेतली, पदरात पडले मासळीचे ढेकर. खुर्चीतून हात न टेकता उठायला लागलो ते डंबेल्स उचलायला आणि नीट प्रथिनं खायला लागल्यावर. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, एवढं तरी लेखात लिहायला हवं होतं.