दारातून पडलेल्या प्रवाशाची भरपाई : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

रेल्वे अपघातातील भरपाईवरील माझ्या लेखावर आपण लिहिले आहे, "दारात उभा राहून पडला तर चूक त्याचीच, त्याला पैसे द्या म्हणणे ही दलाली आहे, आणि तिकीट सापडले नाही तर प्रश्नच मिटला. शिवाय हा पैसा करदात्यांचा आहे."

मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ओळख ना पाळख, आणि समोरच्याला थेट दलाल ठरवून मोकळे व्हायचे, ही रीत आमच्या बेळगावची नव्हे. मी एका वकिलांकडे अनेक वर्षे कारकुनी केली, हे मी कधीच लपवलेले नाही. खानापूर, रायबाग, कुडची भागातील जी कुटुंबे तेथे येत, त्यांच्या घरात मराठी आणि हातात कन्नडमधला पंचनामा असे. तो त्यांना ओळीओळीने समजावून सांगताना मी कोणाकडून चहासुद्धा घेतला नाही. आपण असे किती पंचनामे वाचले आहेत?

एक गोष्ट मान्य करतो. रेल्वे कर्मचाऱ्याने हटकल्यानंतरही पायरीवरून प्रवास करणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १५६ खाली गुन्हा आहे.

मात्र "चूक त्याचीच" हे आपले वाक्य मोटार अपघाताच्या दाव्यांतून उचललेले दिसते. १९८९ च्या रेल्वे कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम १२४-अ आले, आणि त्यानुसार प्रवासी गाडीतून अपघाताने पडला, तर रेल्वेचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याची अटच उरली नाही. भरपाई नाकारता येते ती आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतःच करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेत वा वेडाच्या भरात केलेले कृत्य, आणि नैसर्गिक कारण, आजार वा त्या अपघातामुळे न लागलेले औषधोपचार, एवढ्याच कारणांनी. या यादीत निष्काळजीपणा कोठे आहे, ते आपणच शोधून दाखवावे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये प्रभाकरन विजय कुमार प्रकरणात गाडीत चढताना पडणेही या कलमात बसवले. २०१० मध्ये जमीला प्रकरणात उघड्या दाराशी उभे राहणे फार तर निष्काळजीपणा ठरेल, गुन्हेगारी कृत्य नव्हे, असे सांगितले. आणि २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात, स्वतः करून घेतलेल्या इजेसाठी तसा हेतू असावा लागतो, हे स्पष्ट केले. म्हणजे आपण जो आक्षेप आज मोठ्या तावातावाने मांडत आहात, तो रेल्वेच्या वकिलांनी आपल्याहून अधिक अभ्यासाने मांडून झालेला आहे, आणि तो टिकलेला नाही.

तिकिटाचेही उत्तर रीना देवी निकालातच आहे. तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा बुडत नाही. नातेवाइकांनी प्रतिज्ञापत्रावर आवश्यक त्या बाबी मांडल्या की पुढचे सिद्ध करण्याचा भार रेल्वेवर जातो. रूळ ओलांडताना गाडीखाली आलेल्याची गोष्ट वेगळी, आणि त्याच्याविषयी मी लिहिलेलेही नव्हते.

करदात्यांच्या पैशाचा मुद्दा आपण संसदेकडे मांडावा. कायदा तिने केला आहे, मी नव्हे. ज्यांच्या घरात असा प्रसंग घडला आहे, त्यांनी मात्र आपली प्रतिक्रिया वाचून स्वस्थ बसू नये, कारण रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची मुदत अपघातापासून एक वर्षाची आहे, आणि आपल्या कर्नाटकासाठीचे पीठ बेंगळुरूला आहे.