केबिन की सेंटरबोर्ड? कॅप्टनसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

कॅप्टनसाहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. त्यातला एक मुद्दा मनाला लागला, म्हणून दोन दिवस थांबून लिहितोय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी ठाणे-नवी मुंबईतल्या कुटुंबांना पंधरा-सोळा फुटी, उघडी, सेंटरबोर्डवाली शिडाची डिंगी, म्हणजे छोटी होडी, सुचवली होती, गाडीमागे ट्रेलरवर नेता येईल अशी. (सेंटरबोर्ड म्हणजे होडीच्या मधोमध पाण्यात सोडायची आणि हवी तेव्हा वर घेता येणारी फळी.) कॅप्टनसाहेबांचं म्हणणं, बायकापोरांना अशा होडीत बसवणं बेजबाबदारपणाचं आहे. डिंगी उलटते. बावीस फुटी केबिनवाल्या बोटीच्या कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या पात्यात, वजन असतं, ती कलली तरी पुन्हा उभी राहते. शिवाय आत सावली आणि टॉयलेट.

डिंगी उलटते हे शंभर टक्के खरं. लेखात मी त्यावर 'लाईफ जॅकेट घाला' एवढंच लिहून पुढे गेलो, ते चुकलंच. त्याकडे येतोच. पण होडी निवडताना मी आधी आपलं पाणी बघतो. आपलं पाणी म्हणजे ठाण्याची खाडी, पनवेलची खाडी, फार तर बंदराची पूर्वेकडची बाजू. इथे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. तो सहा तासांत सारखा उतरत नाही. त्याचे बारा हिस्से धरले तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्यालाही तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत दोन मीटर पाणी पायाखालून जातं, आणि खाली उरतो तो गाळ.

या गाळात मी घरच्यांना घेऊन अडकलोय. जानेवारीतली पौर्णिमा होती. मित्राची वीस फुटी, फिक्स कीलची (वर न घेता येणाऱ्या) बोट, कील सव्वा मीटर खोल. बायको, सात वर्षांची मुलगी आणि मी. दुपारी बाराच्या सुमारास भरती पूर्ण झाली, आम्ही रमतगमत अडीच वाजता परत फिरलो आणि बोट थांबली. धक्का नाही, आवाज नाही, शिडात वारा तसाच भरलेला. इंजिन मागे टाकून बघितलं, तर पंख्याने नुसता काळा चिखल वर काढला. अर्ध्या तासात बोट इतकी कलंडली की केबिनची भिंत जमीन झाली. डबे, पाण्याच्या बाटल्या, मुलीची चित्रांची वही, सगळं एका कोपऱ्यात जाऊन पडलं. तुम्ही म्हणता ते टॉयलेट त्या बोटीत होतं, पण त्या कोनात ते वापरताच येईना. मी एक पाय खाली टाकला तो मांडीपर्यंत गेला. कसाबसा बाहेर काढला तेव्हा चप्पल गाळातच राहिली होती. आजूबाजूला निवट्या उड्या मारत होत्या, मुलगी सुरुवातीला त्या मोजत होती, नंतर रडायला लागली. लांबून होडीवरच्या एका कोळीदादांनी ओरडून सांगितलं, "उतरू नका, पाणी येऊ द्या." पाणी आलं रात्री दहाच्या सुमारास.

वजनदार कीलने त्या दिवशी आम्हाला उलटण्यापासून वाचवलं असेलही, पण साडेसात तास अडकवून ठेवलं तेही त्याच कीलने. याउलट वेफेअरर नावाच्या मॉडेलसारखी डिंगी घ्या. बोर्ड वर घेतला की तिला वीसेक सेंटिमीटर पाणी पुरतं, खाली सोडला की सव्वा मीटरच्या आसपास लागतं. गाळाला बोर्डचं टोक लागलं की तो मागे ढकलला जातो, हाताला कळतं. तेव्हाच बोर्ड उचलायचा, सुकाणूचं पातं वर घ्यायचं आणि होडी वळवायची. खाडीत हाच माझा खोली मोजायचा दोरा.

याच वेफेअररमधून १९६३ साली फ्रँक डाय स्कॉटलंडहून आइसलंडला गेला होता. पण तो दाखला मी तुमच्यासमोर ठेवणार नाही, कारण तो कसलेला खलाशी होता आणि आपण मुलं घेऊन जाणार. एंटरप्राईझ ही दुसरी डिंगी मात्र मी कुटुंबासाठी सुचवत नाही. आपल्याकडच्या क्लबांत ती दिसते, होडी गुणी आहे, पण ती दोघांची.

आता उलटण्याबद्दल. उथळ खाडीत डिंगी पूर्ण पालथी झाली तर सहा-सात मीटरची डोलकाठी सरळ गाळात रुतते, मग दोन माणसांकडून ती उभी होत नाही. म्हणून डोलकाठीच्या टोकाला फ्लोट (तरंगणारा फुगा) हवाच. मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाचा दोर, कधीही क्लीटमध्ये (दोर पकडून ठेवणाऱ्या खाचेत) अडकवून बसू नये, ती हातातच हवी. दुपारचा खारा वारा जोर धरायच्या आधी शीड रीफ करून, म्हणजे थोडं गुंडाळून लहान करून निघावं. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर येतं आणि मूल खाली राहतं. आणि मुलांना बसवण्याआधी मोठ्या दोघांनी भर भरतीला होडी मुद्दाम उलटवून पुन्हा उभी करून बघावी. हे सगळं आज मूळ लेखात घातलं, तुमच्यामुळे.

सावली आणि टॉयलेटचा मुद्दा बाईमाणसांच्या दृष्टीने खरा आहे. माझ्या बायकोनेही तो आधी काढला होता. त्यावर आमच्या घरचा तोडगा म्हणजे फेरी तीन तासांची. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी निघायचं, भरतीनंतर तासाभरात धक्क्याला. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते, पक्की वेळ तक्त्यात बघावी. एप्रिलच्या उन्हात फायबरच्या केबिनमध्ये तसंही कोणी बसत नाही.

राहिला ट्रेलर. बावीस फुटी बोट, उदाहरणार्थ कॅटलिना २२, नुसती हजार-अकराशे किलोची. त्यावर ट्रेलरचं वजन वेगळं. वेफेअररचा हल, म्हणजे नुसती होडी, १७० किलोच्या आतबाहेर, तो ट्रॉलीवरून दोघं उतरवतात आणि रोड ट्रेलरची चाकं खाऱ्या पाण्यात जातच नाहीत. बेअरिंग वाचतात. (ट्रेलरलाही आरटीओची नोंदणी लागते, हे विचारणाऱ्या वाचकासाठी.) तुम्हाला मांडव्याला जाऊन रात्री बोटीवर मुक्काम करायचा असेल, तर तुमचीच बोट योग्य, पण मग ती मुरिंगवरच (पाण्यातल्या कायमच्या नांगराला बांधून) ठेवावी, ट्रेलरचा विचारच सोडावा. माझा लेख रविवारी सकाळी सोसायटीतून निघून दुपारच्या जेवणाला घरी परतणाऱ्यांसाठी होता.

ज्यांनी खाडी पाण्यातून कधी पाहिलीच नाही, त्यांनी आधी ऐरोलीहून वनविभागाची फ्लेमिंगो सफर करावी. तीही भरती बघूनच सुटते. उत्तरेकडचा तो भाग २०१५ पासून अभयारण्य आहे, तिथे आपली शिडं न्यायची नाहीत. डोल जाळ्यांचे खुंट कुठे आहेत हे कोळीवाड्यात विचारल्याशिवाय इतरत्रही निघू नये.

कॅप्टनसाहेब, एक तुम्हालाच विचारायचंय. आमच्या होडीत तीन किलोचा डॅनफोर्थ नांगर आणि दोन मीटर साखळी आहे. आपल्या गाळात तो धरतो, पण भरती फिरली की कधीकधी सुटतो. साखळी वाढवू की दोर?