पिवळी पिशवी

आज मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एक वाक्य कानावर पडलं आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. लिहून टाकते, नाहीतर झोप यायची नाही.

आमच्या धर्मग्रामातल्या एका मुलीचं पोटातलं बाळ चौथ्या महिन्यात गेलं. त्यानंतर आज पहिल्यांदाच ती चर्चला आली होती, डोळे सुजलेले. आमच्यातल्याच एका आंटीने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं गं, लवकर गेलं. अजून जीव लागला नव्हता. दुसरं होईल."

ह्याच आंटीने अर्ध्या तासापूर्वी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत गर्भातल्या बालकांसाठी विनंती वाचली होती. आणि आम्ही सगळ्यांनी "प्रभू, आमची प्रार्थना ऐक" म्हटलं होतं. मीसुद्धा.

जीव लागला नव्हता म्हणे. कुणाचा?

२००८. मला अठरावा आठवडा होता. सगळं संपल्यावर नर्सने काही न बोलता पिवळी पिशवी उचलली. नवऱ्याने विचारलं, कुठे नेताय? "वेस्टमध्ये जातं ते." तेव्हाही तसंच होतं, आजही तसंच आहे. बायोमेडिकल वेस्टचे २०१६ चे नियम मी स्वतः वाचलेत. कापलेले अवयव आणि जगण्याइतकी वाढ न झालेला गर्भ, दोन्ही एकाच ओळीत, पिवळ्या रंगाखाली. संसर्ग पसरू नये म्हणून नियम लागतात, मान्य. पण "वेस्ट" हा शब्द ज्या आईच्या कानावर पडतो तिला विचारा.

माझा नवरा इतका भिडस्त की सुट्ट्या पैशांवरून रिक्षावाल्याशीही भांडत नाही. तो त्या दिवशी दारात आडवा उभा राहिला. शेवटी तिथल्या आयामावशीनेच सलाइनच्या बाटल्यांचं रिकामं खोकं आणलं, आत कापूस घातला, आणि बाळाला दोन्ही हातांवर घेऊन त्यात ठेवलं. दोन्ही हातांवर! ती ख्रिस्ती नव्हती. तिला कुणी प्रवचन दिलं नव्हतं.

आणि आपण? २०२१ ला गर्भपाताच्या कायद्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा १० ऑगस्टला शोकदिन पाळला. त्याच वर्षी काही बायकांसाठी मुदत वीस आठवड्यांवरून चोवीसवर नेली, तर ग्रुपवर फॉरवर्डचा पूर आला. भोंदूंच्या हातून बायका मरत होत्या म्हणून १९७१ चा कायदा आला, हेही खरंय, ते मी नाकारत नाही. पण सरकारने बाळाला माणूस मानलं नाही म्हणून ओरडणारे आपण, आपल्याच शेजारच्या बाकावरचं बाळ गेलं तर मर्तिकाला जातो का? रोझरी म्हणायला तिच्या घरी बसतो का? "दुसरं होईल" म्हणे! आजोबा वारले की कुणी म्हणतं का, दुसरे होतील?

लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी चर्चमध्ये आली तर तिने कुठल्या बाकावर बसायचं हे आपले डोळे तिला सांगतात. मग ती गुपचूप कुठेतरी जाऊन मोकळी होते आणि आपण न जन्मलेल्यांसाठी मेणबत्त्या लावतो. "पुन्हा मुलगीच का?" असं बाळंतिणीला विचारणाऱ्याही आपल्यातच आहेत, १९९४ चा गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा काही फक्त दुसऱ्यांसाठी झालेला नाही.

लूकच्या शुभवर्तमानात मरिया एलिझाबेथकडे जाते तेव्हा तिला दिवस राहून कितीसा काळ झालेला? तरी एलिझाबेथ तिला "माझ्या प्रभूची आई" म्हणते. होणारी आई नाही. आई.

असो. चहा पिऊन आले.

२००८ च्या त्या संध्याकाळी फादर स्वतः सिमेटरीत आले. खोकं बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नाव काय बाळाचं?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. नाव तिथेच ठेवलं, खड्ड्याच्या कडेला.

माझी आजी तेव्हा ऐंशी पार केलेली. घरी आल्यावर रात्री माझ्या खाटेवर येऊन बसली. म्हणाली, "आमच्या वेळी स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, नसला की सिमेटरीत घेत नसत. माझं वाडीत आहे, विहिरीच्या मागे. तुझा आजोबा कंदील घेऊन गेलेला." इतकी वर्षं हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, माझ्या बाबांनाही नाही. अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे, असं व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने आदल्याच वर्षी, २००७ ला लिहिलं होतं. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना आता कळलं?"

आजी गेली. केळीची वाडीही गेली, विहीर बुजवली, तिथे आता बिल्डिंगचं पार्किंग आहे. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मी एक मेणबत्ती सिमेटरीत लावते आणि एक तिथे, कुणाच्या तरी स्कूटरच्या चाकाशेजारी. वॉचमन काही बोलत नाही.

आंटी, तुम्ही माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहात, हे वाचालच. रागवा हवं तर. तुमचं मन वाईट नाही हे मला माहीत आहे, २००८ ला चार दिवस तांदळाची पेज तुम्हीच आणून देत होता. आणि तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होता, दुसरं होईल. मी पेज प्यायले आणि गप्प बसले.

उद्या त्या मुलीकडे मी जाणार आहे, अकरा वाजता. येताय का?