पाणी एकदम क्लिअर आहे!

परवा रविवारी रात्री सव्वाअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. कोपऱ्यात आडवा पडलेला ब्लू टँग मासा, मागे प्लास्टिकचं गलबत आणि खाली मेसेज: "दादा, अर्जंट. कुठलं औषध टाकू?" टँक मांडून अकरा दिवस झालेले. पाण्यात अमोनिया (माशाच्या घाणीतून होणारं विष) किती आहे विचारलं, तर उत्तर आलं, "टेस्ट किट नाही, पण पाणी एकदम क्लिअर आहे." या महिन्यातला हा तिसरा. तेव्हा म्हटलं, खाऱ्या पाण्यातले मासे मारायची रीत एकदाची नीट लिहूनच काढावी. लोकांना उगाच चुकतमाकत शिकावं लागतं.

सुरुवात टँकपासून. दीड फुटाचा, चाळीस लिटरचा घ्या. नवशिक्याने छोट्यापासून सुरुवात करावी हे पोहण्यापासून धंद्यापर्यंत सगळीकडे लागू आहे, मग इथे का नसेल? पाणी जितकं कमी तितकं ते झटपट बिघडतं, हाच तर फायदा. तीन बाय दीड बाय दीड फुटांच्या टँकमध्ये १९० लिटर पाणी मावतं, दगड-वाळू वजा जाता दीडशे उरतं, आणि एवढं पाणी तुमच्या बऱ्याच चुका पोटात घालतं. चुका पोटात घालायला घरात आई आहे की!

जागा ईशान्येची. वास्तूवाल्याला विचारा, इलेक्ट्रिशियनला विचारू नका. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे, वायरीवर चढणारं मीठ, अर्थिंग, गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हे विषय वास्तुशास्त्रात येत नाहीत.

पाणी विकत कशाला घ्यायचं? समुद्र फुकट आहे. जुहूला जा, दोन कॅन भरा. पावसाळ्यात गेलात तर उत्तम, नाल्यांचं पाणी मिसळून सॅलिनिटी (खारटपणा) आपोआप खाली आलेली असते. विसर्जनानंतर गेलात तर रंग आणि प्लास्टरही मिळेल. वाळूची पिशवी तिथेच भरून घ्या.

समुद्र लांब असेल तर किराणा दुकानातलं खडे मीठ आहेच. मिठागरात मीठ धरतं तेव्हा मॅग्नेशियमचे क्षार बरेचसे उरलेल्या पाण्याबरोबर काढून टाकतात, म्हणूनच ते जेवणात कडू लागत नाही. माशाला नेमके तेच लागतात, शिवाय कॅल्शियम, पोटॅशियम, कार्बोनेट. ते असलेलं मरीन सॉल्ट महाग पडतं, जाऊ द्या. आणलंच, तर बादलीत पंप लावून रात्रभर ढवळत ठेवू नका, मासे आत असतानाच थेट टँकमध्ये ओता. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरा. त्यात चव यावी म्हणून कंपनीने पन्नास-शंभर टीडीएस (विरघळलेले क्षार) मुद्दाम सोडलेला असतो, शेवाळाला आवडतो. टीडीएस शून्यावर आणणारं डीआय रेझिन लावायचं तर पुन्हा खर्च.

सॅलिनिटी मोजायला प्लास्टिकचा काट्यावाला हायड्रोमीटर घ्या. काट्याला दोन बुडबुडे चिकटले की तो वर जातो आणि १.०२० घनतेचं पाणी १.०२५ दिसतं. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशावरून खारटपणा मोजणारं उपकरण) आणि तो तपासायला ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावण या चैनीच्या गोष्टी झाल्या.

पाणी कमी झालं की भर घालावी लागते. खाऱ्या पाण्याचा टँक म्हणजे भरही खाऱ्या पाण्याचीच, सरळ आहे. फक्त एक हिशोब करू नका: वाफ पाण्याची होते, मीठ खालीच राहतं. मे महिन्यात पंखा लावलेल्या दीडशे लिटरच्या टँकमधून रोज चार लिटर उडालं आणि तुम्ही पाच-पाच दिवसांनी वीस लिटर खारं पाणी ओतलंत, तर दहा दिवसांत ३५ पीपीटीचे ४४ होतात. शुद्ध पाणी घाला, तेही रोज, असं सांगणारे लोक रिकामटेकडे असतात.

पंख्यावरून आठवलं. पाण्यावर पंखा मारला की दोन-तीन अंश उतरतात हे पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात खरं आहे. मुंबईच्या घामट हवेत तोच पंखा लावा आणि २६ अंशांची वाट बघत बसा. पाणी थंड करणारा चिलर घेतलात तर तो टँकखालच्या बंद कपाटात ठेवून दार लावून घ्या, म्हणजे स्वतःच फेकलेली गरम हवा तो पुन्हा स्वतःच ओढेल.

आता सायकल, म्हणजे मासे टाकण्याआधी टँकमध्ये बॅक्टेरिया बसवणं. तुम्हाला घाई आहे हे मला माहीत आहे, शनिवारी पाहुणे यायचेत. दुकानदारानेही सांगितलंय, "चोवीस तास फिल्टर चालवा, मग मासे टाका." त्याचं बरोबरच आहे, त्याला पुढच्या रविवारी पुन्हा मासे विकायचेत. मासा जे खातो आणि टाकतो त्याचा अमोनिया होतो. तो खाणारे बॅक्टेरिया दगडावर वस्ती करतात, त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मासे न टाकता ती बसवता येते: दगड, वाळू, खारं पाणी, पंप चालू, आणि अमोनियम क्लोराइड २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम). ते नसेल तर बाजारातली एक कोळंबी जाळीच्या पिशवीत बांधून आत सोडा आणि कुजू द्या. वास येतो. येऊ द्या, घरच्यांना सांगा मासेच आहेत. २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की टँक तयार. मग निम्मं पाणी बदलून एक मासा. एक. दुसरा दोन आठवड्यांनी. यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही! अमोनियाला रंग नाही, नायट्राइटला रंग नाही. अमोनिया ठासून भरलेलं पाणीही क्लिअरच असतं, बिसलेरीसारखं. आणि समुद्राचा पीएच ८.२ च्या आसपास, त्यामुळे तेवढाच अमोनिया इथे पीएच ७ च्या गोड्या पाण्यापेक्षा दहापटीहून जास्त विषारी. गोल्डफिशने जे सोसलं ते ब्लू टँग सोसणार नाही. "आमच्याकडे आधी गप्पी होते, काही झालं नाही" हे मला सांगू नका.

असो. रीत सांगत होतो.

माशांची निवड सिनेमा बघून करा. ब्लू टँग दुकानात रुपयाच्या नाण्याएवढा असतो, पुढे फूटभर वाढतो. पण तोवर जगला तर ना! मँडरिन नक्की घ्या. तो दगडावरचे जिवंत कोपेपॉड (डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव) टिपून खातो, नव्या टँकमध्ये ते नसतातच, तेव्हा महिनाभर आटत जाईल आणि तुम्ही म्हणाल, फारच शांत मासा आहे. क्लाउनफिशला अ‍ॅनिमोनी (समुद्रफूल नावाचा प्राणी) हवाच, असं बाळ म्हणतंय. क्लाउनफिशला त्याची काही गरज नाही आणि अ‍ॅनिमोनीला मुरलेला टँक आणि सणसणीत प्रकाश लागतो, पण बाळाचं ऐका. अ‍ॅनिमोनी चालतो. एका रात्री चालत वेव्हमेकरपर्यंत (लाटा करणाऱ्या पंपापर्यंत) जाईल आणि सकाळी त्याची कोशिंबीर सगळ्या टँकभर असेल.

दुकानदार कोपऱ्यात नेऊन हळू आवाजात दगडी प्रवाळ किंवा समुद्रघोडा दाखवेल. घ्या की. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघासारखेच तेही संरक्षित प्राणी आहेत, एवढंच.

सम्प (टँकखालची फिल्टरची टाकी) लावणार असाल तर तो काठोकाठ भरा. रिटर्नचं (पाणी परत वर आणणाऱ्या पाइपाचं) तोंड वरच्या टँकच्या पाण्यात पाच सेंटिमीटर बुडालेलं असू द्या. वीज गेली की वरचं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली येतं. तीन बाय दीडच्या टँकमध्ये एक सेंटिमीटर म्हणजे चार लिटर, पाच म्हणजे वीस. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपाला एक भोक पाडलं की हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो, पण मग खालच्या मजल्यावरच्या काकांशी ओळख कशी होणार?

बॅटरीवरचा एअर पंप घेऊ नका, गुरुवारचं विजेचं शटडाऊन यंदा होणार नाही.

डासांचा स्प्रे टँकशेजारीच मारा.

मासा पिशवीतून आणलात की चार तास ड्रिप लावून ठेवा, म्हणजे टँकचं पाणी थेंबथेंब पिशवीत सोडत राहा, इंटरनेटवर तसंच लिहिलंय. मुंबईहून पुण्यापर्यंत बंद पिशवीत तो स्वतःच्या घाणीत बसून आलाय. पिशवी उघडली की साठलेला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि आतापर्यंत निवांत असलेला अमोनिया एकदम जालीम होतो. त्यातच त्याला आणखी चार तास बसवा. दुकानदाराला त्याच्या पाण्याची सॅलिनिटी विचारून घरचा छोटा टँक आधीच तेवढ्यावर आणून ठेवला असता, तर वीस मिनिटं पिशवी तरंगवून मासा लगेच आत सोडता आला असता. छोटा टँक? कुठला छोटा टँक? क्वारंटाइन कशाला, मासा तर एकदम हेल्दी आहे.

मग येतात ठिपके. रवा भुरभुरल्यासारखे. इथून तुमच्या आवडीचा विषय सुरू होतो: औषध. निळं औषध आणा, मोठ्या टँकमध्ये ओता. ठिपक्यांचं त्याने काही बिघडत नाही, दगडावरचे बॅक्टेरिया मात्र मरतात, म्हणजे आता ठिपकेही आणि अमोनियाही. मग पिवळं ओता. मग कोणीतरी शेतीच्या दुकानातलं मोरचूद सांगतो, "चिमूटभर टाक." मोरचुदातल्या तांब्याने ठिपके आणणारा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, मरतो हे खरंच आहे. पण वेगळ्या टँकमध्ये, जिथे दगड-वाळू नाही, आणि रोज मोजून. चिलेटेड (दुसऱ्या रेणूत बांधलेलं) तांबं असेल तर लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम. चिमूट हे माप आमटीचं आहे! चुनखडीचा दगड तांबं पिऊन बसतो, म्हणून आज मात्रा पुरत नाही आणि पुढे त्या टँकमध्ये गोगलगाय, कोळंबी, खेकडा जगेल याचा भरवसा राहत नाही.

आणि चार-पाच दिवसांनी ठिपके जातात! जाणारच. क्रिप्टोकॅरिऑन तीन ते सात दिवस माशाच्या अंगावर राहतो, पोट भरलं की आपणहून गळतो, वाळूत कोष करतो आणि त्या एकाचे शंभरावर होऊन बाहेर येतात. मधल्या काळात तुम्ही लसणाला श्रेय देऊन मोकळे. दोन आठवड्यांनी मासा ठिपक्यांनी भरतो, कल्ले भरतात, तो पंपाच्या धारेपाशी धापा टाकत उभा राहतो, आणि रात्री सव्वाअकराला मला फोटो येतो. अहो, आता मी काय करू? सगळे मासे बाहेर काढून उपचार आणि मोठा टँक ७६ दिवस माशांविना, हे सांगितलं की तुम्ही "बघतो" म्हणता आणि पुन्हा निळं ओतता. पन्नास-साठ लिटरचा प्लास्टिकचा टब, स्पंज फिल्टर, पीव्हीसी पाइपाचे चार तुकडे. एवढंच लागत होतं, आणि आधी लागत होतं.

मासा मेला की तुमच्याकडे वाक्य तयार असतं: "घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं." कसलं संकट होतं तुमच्या घरावर? ईएमआय? त्या माशावर संकट होतं, आणि ते म्हणजे तुम्ही. बाजारात येणारे बहुतेक समुद्री मासे आजही थेट समुद्रातून धरलेले असतात, काही ठिकाणी सायनाइड फवारून गुंगवलेले. क्लाउनफिश तरी पैदाशीचे मिळतात. तमिळनाडूत मंडपमला त्यांची पैदास झाली आहे, आपल्या ऐरोलीतही झाली आहे. तेच मागा. नीट ठेवलेला क्लाउनफिश वीस वर्षं काढतो, आणि तुम्हाला सहा आठवडे रिकाम्या टँककडे बघवत नाही! तीस-चाळीस हजार काचेत आणि लाइटमध्ये घालता आणि टेस्ट किट म्हटलं की "नंतर घेऊ." नंतर नाही. आधी किट आणा, मग टँक आणा. किट आणायचं नसेल तर टँक पण आणू नका, भिंतीवर टीव्ही लावा आणि त्यात मासे बघा.

आणि मला फोटो पाठवायचा असेल, तर त्याखाली अमोनिया, नायट्राइट, सॅलिनिटी, तापमान असे चार आकडे लिहून पाठवा. पाणी क्लिअर आहे हे मला फोटोत दिसतंय.